बिनकणकेचा रस्सा

"हात दाखवा," मी म्हणाले.

"आत्ताच तं धुतले वो माय."

"दाखवा म्हटलं ना बाबा."

बाबांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. सकाळी दूध आणायला गेले तेव्हा ते रामरावच्या हॉटेलात टेकले होते, आणि रामरावच्या हॉटेलात सकाळी समोशाचा मैदा मळतात. तिथं माझा बाप नुसता चहा पिऊन उठला असेल यावर माझा विश्वास नव्हता. चाळीस वर्षं आचारीपणा केलेला माणूस. कोणाचं पीठ सैल दिसलं की त्याचा हात आपसूक परातीत जातो. मी एकेक नख पाहिलं. अंगठ्याच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी होतं.

"हे काय?"

"चुना व्हय. तंबाखूचा."

"परत धुवा."

"सारं कामरगाव माह्या हातचं खाते," ते पुटपुटले, "अन् पोटची पोरगी नखं तपासून राह्यली." पण गेले. मोरीत कोपरापर्यंत साबण लावून आले आणि ऑपरेशनला निघाल्यासारखे हात वर धरून दारात उभे राहिले. मला हसू आलं. त्या दिवशी हसलेलं तेवढंच.

अकरा वाजता माझी सासू आणि नवरा शेलूबाजारहून येणार होते. मला घेऊन जायला, नाहीतर नेणार नाही हे सांगायला. दोन्हीपैकी काय ते माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर ठरणार होतं आणि तो रिपोर्ट दुपारपर्यंत नवऱ्याच्या मोबाईलवर येणार होता.

माझ्या आजाराचं नाव सिलिॲक. नाव सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात की हे कोणत्या गावचं. साधं सांगायचं तर गव्हात एक चिवट पदार्थ असतो, ग्लुटेन. कणीक मळली की ती तुटत नाही, ताणली जाते, ते त्याच्यामुळे. तो माझ्या आतड्यांना चालत नाही. कमी चालतो, सणावाराला चालतो असं नाही, कणभरही चालत नाही आणि मरेपर्यंत चालणार नाही. हे कळायला मला एकतीस वर्षं लागली. त्यात दोनदा पोट राहिलं आणि दोनदा गेलं, तोंडात कायम फोड, डोक्यावरचे केस मूठमूठ, आणि रक्त सातावर. शेवटी धम्मरत्नने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी आतड्याचा तुकडा काढून तपासला.

सासूबाईंनी मात्र तो तुकडा पाहिला नव्हता. त्यांनी पाहिली होती ती पोळी पुढे आली की ताट सरकवणारी सून. "जगात कोणाले गहू बाधते का?" त्यांनी विचारलं, आणि मग निवाडा केला, "तीन महिने बापाच्या घरी राह्य. गहू बंद कर. रिपोर्ट सुधरला तं मी सोता तुह्यासाठी अलग चूल मांडीन. नाई सुधरला तं मंग हे नखरे बंद."

मला तो निवाडा वाईट वाटला नाही. लग्नाच्या चार वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझ्या म्हणण्याची परीक्षा तरी होणार होती. आणि मी खरं बोलत होते, मग भीती कशाची?

बाबांनी तीन महिने जे केलं ते नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही. घरातला कणकेचा डबा त्यांनी पहिल्या दिवशी शेजारच्या लखनच्या घरी देऊन टाकला. तवा नवा, पोळपाट नवा, चमचे नवे. चक्कीत आधी गहू दळलेला असतो म्हणून चक्की बंद. आईने लग्नात आणलेलं जातं न्हाणीच्या दाराशी पायरी म्हणून पालथं पडलं होतं. ते त्यांनी उकरून काढलं, घासलं, टाकी लावून पुन्हा खडबडीत करून आणलं आणि रोज पहाटे स्वतः बसून ज्वारी दळायला लागले. हरभऱ्याची डाळसुद्धा घरीच. स्वतःही भाकरीवर आले. माझ्या बापाने पोळी सोडणं म्हणजे काय, हे आमच्या वस्तीत कोणालाही विचारा.

आणि रस्सा. माझ्या बापाची, उकंडरावची, पातोडी खाल्ली नाही असा माणूस कामरगावात सापडायचा नाही. बेसनाच्या वड्या कोणीही थापतं, खरी गंमत त्या रश्श्यात. लाल तर्री वर आणि खाली असा दाट रस्सा, की पोळीचा तुकडा बुडवून काढला तर थेंब गळू नये. हा दाटपणा कशाने येतो हे त्यांनी कोणत्याही मदतनिसाला सांगितलं नव्हतं. मला अकोल्याहून परतल्यावर सांगितलं, तेही मान खाली घालून. कणकेने. मूठभर कणीक तेलात बदामी होईपर्यंत भाजायची, पाण्यात कालवायची आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. चाळीस वर्षं हीच युक्ती.

आता तोच रस्सा कणकेशिवाय जमवायचा म्हणून ते हट्टाला पेटले. तांदळाचं पीठ लावलं तर रस्सा खळीसारखा झाला. नुसतं बेसन लावलं तर पातळ पिठलं. मक्याचं पीठ बाजारचं, त्यावर माझा भरवसा नाही. मग ज्वारी. पहिल्या वेळी गुठळ्या, दुसऱ्या वेळी कच्चट वास. बाबा दर खेपेला पातेल्यात डोकावून कोणाला तरी आईवरून शिव्या द्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. शेवटी जमलं. ज्वारीचं पीठ आधी कोरडं भाजायचं, लाह्यांचा वास आला की चमचाभर तेल, मग खाली उतरवून पूर्ण गार होऊ द्यायचं. गारच पाण्यात कालवायचं. कांदा आणि खोबरं जाळावर काळं करून पाट्यावर वाटायचं, त्यात भाजलेले शेंगदाणे मुठीने. फोडणी झाली, मसाल्याला तेल सुटलं, पाणी खळखळलं, की मग कालवलेलं पीठ वरून धारेने सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. त्या दिवशी पहिला घास खाऊन मी म्हटलं, "बाबा, पयल्यापेक्षा चांगला झाला," तर ते शेगडीकडे तोंड करून बसले. धूर डोळ्यांत गेला म्हणे. गॅसवर कुठला धूर?

आता त्या पोळीचं सांगते, कारण त्याशिवाय माझा बाप कळायचा नाही.

बाबांचे वडील पाटलाच्या शेतात सालदार. मजुरी ज्वारीत मिळायची, तीही किडकी. गावात लग्न असलं की आमच्या लोकांनी मांडवाबाहेर लांब बसायचं आणि साऱ्या पंगती उठल्यावर उरलेलं पदरात घ्यायचं. बाबा सांगतात, पोळीचा वास दुपारी बारापासून यायचा आणि पोळी हातात पडायची दिवेलागणीला, तीही कोणाच्या तरी ताटातली. त्या पोरानं तिथं बसून मनाशी ठरवलं की माझ्या घरात रोज पोळी होईल आणि ज्वारीचा दाणा उंबऱ्याच्या आत येणार नाही. पुढं तो अकोल्याच्या एका खानावळीत भांडी घासता घासता आचारी झाला. गावात परतला तेव्हा आधी आमच्या वस्तीची लग्नं मिळाली आणि मग साऱ्या गावाची. मंगल कार्यालयात आता टेबलं लागतात, आणि ताट गरम असलं की ते कोणाच्या हातचं हे कोणी विचारत नाही. ज्या मांडवाबाहेर बसला त्याच्या भट्टीवर माझा बाप उभा राहिला. याचा मला अभिमान आहे, आजही आहे.

आणि ठरवल्याप्रमाणे घरात रोज पोळी झाली. ती खाऊन माझी आई मेली.

हे असं लिहायला नको, कारण आईची तपासणी कधी झालीच नाही. मृत्यूच्या दाखल्यावर रक्त कमी असल्याचं लिहिलंय. पण मला आठवतं ते सांगते. आई, दुर्गाबाई, कायम वाळलेली, कायम परसाकडे पळणारी, तोंडात फोड आलेली. आईचं माहेर केनवडजवळच्या एका खेड्यात. मामा मजूर, घरात ज्वारीची भाकर, अंबाडी आणि ठेचा. तिथं पंधरा दिवस राहिली की आईचे गाल भरायचे. ती चक्क गाणी म्हणायची. मग बाबा घ्यायला यायचे, तिच्याकडे बघायचे आणि त्यांचं टाळकं फिरायचं.

"माह्या घरी गव्हाच्या पोळ्या खाऊन हे वाळते," ते मामाच्या अंगणात, सगळ्यांसमोर ओरडायचे, "अन् इथं कोरड्या भाकरीवर फुगते. मंग अन्नाचा नाई, माह्या तोंडाचा वीट आला म्हण ना तुले! सोंग करतं का माह्या घरी?"

आई काय सांगणार? तिला तरी कुठं ठाऊक होतं? ती म्हणायची, "सोंग नाई वो. तिथं पोटात दुखते, इथं नाई दुखत." यावर तर ते आणखीच भडकायचे. शेवटी त्यांनी तिला माहेरी पाठवणं बंद केलं. घरी बसवून दुधात पोळी कुस्करून भरवायचे, ताकद यावी म्हणून. दटावून भरवायचे आणि डोक्यावरून हात फिरवून भरवायचे. दोन्ही खरं आहे. मी पंधरा वर्षांची असताना ती गेली.

अकोल्याला बाबाही सोबत आले होते. डॉक्टर मला सगळं समजावत होते तेव्हा बाबा मध्येच म्हणाले, "साहेब, जवारी खाल्ली तं अशा बाईले बरं वाटन का?" डॉक्टर म्हणाले, "वाटणारच. ज्वारीत ते नसतं." बाबांनी पुढं विचारलं, "अन् हे मायकडून पोरीले येते का?" डॉक्टर म्हणाले, "येऊ शकतं." एसटीत बाबा कारंज्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते. मी वाट पाहिली. आता बोलतील, घरी गेल्यावर बोलतील, उद्या बोलतील. तीन महिने झाले तरी आईविषयी एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. जातं उकरून काढलं तेच त्यांचं बोलणं, अशी मी समजूत घालून घेतली.

तर ते पाहुणे. धम्मरत्नने गाडी दारात लावली, बाबांना "जयभीम मामा" म्हणाला आणि माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली. तो वाईट नाही. शेलूबाजारला लाईनमन आहे. खांबावर चढायला भीत नाही, आईपुढे बोलायला भितो. सोजरबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. जातं पाहिलं, डबे उघडून पाहिले.

"लयच बंदोबस्त केला इवाईनं," त्या म्हणाल्या.

"पोरीसाठी करा लागते इहीनबाई," बाबा म्हणाले. "बसा, पातोडी केली."

जेवणं झाली. धम्मरत्नने चार भाकरी खाल्ल्या. सासूबाईंनी रस्सा दोनदा मागून घेतला, मग वाटी तिरपी करून बोटाने पुसली.

"यात कणीक नाई?"

"कणभर नाई. जवारीचं पीठ. तुमच्या साऱ्या घरानं हाच खाल्ला तरी चालते. पोरीसाठी अलग चूल मांडाचं कामच नाई." बाबांचा आवाज चढला होता. आपल्या मालाचं कौतुक करताना तो चढतोच. "मी लिहून देतो तुमाले, पल्लवीले सारं पाठ आहे."

सासूबाई हसल्या. खरंच हसल्या. "जमन म्हणा मंग," असं काहीतरी म्हणाल्या. मी ताटं उचलत होते. जमन! एवढ्या एका शब्दावर मी मनात शेलूबाजारच्या घरात जात्याची जागासुद्धा ठरवून टाकली.

तेवढ्यात धम्मरत्नचा मोबाईल वाजला. त्याने रिपोर्ट उघडला, जुना काढून शेजारी धरला, पुन्हा नवा पाहिला.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

"रक्त थोडंसं वाढलं." तो थांबला. "पण थो दुसरा आकडा, गव्हाचा… थो तिथंच आहे. उतरला नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे गहू पोटात जाऊन राह्यला असं म्हणतेत. नाईतं मंग…"

"नाईतं मंग गव्हाचं काही नाईच," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं. त्या ओरडल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तीन महिने गव्हाचा वारा लागू देला नाई तुह्या बापानं. मंग कुठून आला? सांग ना."

मी बाबांकडे पाहिलं. या घरात काय शिजलं आणि काय नाही, याचा साक्षीदार तो एकच माणूस होता.

बाबा उठून माझ्यासमोर आले. हळू आवाजात म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"पल्लवे, खरं सांग. लखनच्या घरी नामकरणाले गेली होती, तिथं खाल्लं का काही?"

"नाई."

"खाल्लं असन तं सांग. कोणी रागवत नाई. तोंड चाळवते माणसाचं. पोळी पाह्यली की…"

"बाबा, मी पाणीसुद्धा घरून नेलं होतं."

"मंग हे कागद खोटं बोलते का? का तू सोंग…"

तिथं ते थांबले. शब्द मात्र बाहेर पडला होता. तोच शब्द, तोच आवाज, फक्त अंगण मामाचं नव्हतं. मी सात वर्षांची झाले. आई मामाच्या अंगणात उभी राहायची तशी मी उभी होते, हातात खरकटी ताटं घेऊन.

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. बापच इचारून राह्यला, तं आमी परके काय बोलाव?" त्या उठल्या. धम्मरत्न दारात थोडा घुटमळला, "मी फोन करतो," म्हणाला आणि गाडीला किक मारली.

मी रडले नाही. ताटं घासली, हात पुसले आणि अकोल्याच्या दवाखान्यात आहार सांगणाऱ्या ज्या मॅडम होत्या त्यांना फोन लावला. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. मॅडमनी घाई केली नाही. पीठ कोणतं, दळता कुठं, बेसन कुठलं, मसाला विकतचा की घरचा, गोळ्या कोणत्या, एकेक विचारत गेल्या. मी उत्तरं देत गेले. सगळं बरोबर होतं. मग त्यांनी विचारलं, "हिंग कोणता वापरता?"

"हिंग?"

"खडा की पूड?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांच्या मसाल्याच्या पेटीत एक पत्र्याचा डबा असतो. त्यावर ना कागद ना नाव. त्यांच्या फोडणीत हिंग इतरांच्या दुप्पट पडतो, बसथांब्यावर उतरणाऱ्याला वासावरून कळतं की आज उकंडरावकडे काहीतरी आहे. वरणात हिंग, भाजीत हिंग, ताकात हिंग. आजच्या रश्श्यात तर होताच.

"पूड आहे," मी म्हणाले. "सुटी."

"पूड असेल तर आधी विचारून घ्या," मॅडम म्हणाल्या. "नुसता हिंग फार उग्र असतो, त्यात पीठ मिसळतात. बहुतेक वेळा गव्हाचं."

मी ते सांगितलं तसा बाबांनी स्वतःच दुकानदाराला फोन लावला. मदनसिंग, कारंज्याचा, वीस वर्षांची ओळख. बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून फोनचा आवाज मोठा होता.

"मदनभाऊ, तुमच्या हिंगात कणीक राह्यते का?"

"राह्यतेच ना काका," पलीकडून आवाज आला. अगदी साधा, गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता दिलेला. "निरा हिंग कोण खाईन? अर्ध्याच्या वर पीठच राह्यते त्यात. साऱ्याच पुडीत राह्यते. काहून, खराब निंघाला का?"

"नाई," बाबा म्हणाले. "चांगला आहे."

फोन ठेवला. बाबा उठले, पेटीतून तो डबा काढला आणि झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले. चाळीस वर्षांत हजारो माणसं जेवू घातलेला आचारी. आपल्याच फोडणीत काय पडतं हे त्याला माहीत नव्हतं. मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला, आणि त्यात हिंगाचा राग अगदी थोडा होता. हिंग कोणाच्याही ध्यानात आला नसता, माझ्याही आला नाही. पण ज्या क्षणी कागद एक सांगत होता आणि पोरगी दुसरं, त्या क्षणी माझ्या बापाला वाटलं की पोरगी खोटी. डबा उघडून बघायचं सुचलं नाही, पोरीचं तोंड उघडून बघायचं सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते शेलूबाजारला गेले. हिंगाचा डबा पिशवीत घेऊन. मी जाऊ नका म्हटलं नाही. दुपारी परत आले तेव्हा पिशवी तशीच होती.

"काय म्हणाल्या?"

त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, मग सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं. डब्याचा वासही घेऊन पाहिला होता. चहा दिला होता. आणि म्हणाल्या होत्या, "इवाई, तुमी आचारी. तुमची सख्खी पोरगी. तीन महिने डोळ्यात तेल घालून तुमी पाह्यलं अन् तुमालेच जमलं नाई. मंग आमच्या घरी कसं जमन? आमच्या घरी तं चार माणसं पोळी खातेत. उद्या हे मेली तं मी जगाले काय सांगू?"

"अन् धम्मरत्न?"

"खाली पाहून बसला होता."

वाईट याचं वाटलं की सासूबाईंचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं. आता त्यांना आजार पटला होता. पटला म्हणूनच मी नको होते.

बाबा खाटेवर बसले. बूट काढायचे राहिले होते. पिशवी बाजूला सारून म्हणाले, "थे खोटं बोलत नोती."

"कोण?"

"तुही माय."

सोळा वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. अकोल्याच्या एसटीत पाहिली, जात्याच्या घरघरीत रोज पहाटे पाहिली. वाटायचं, बाबा एकदा एवढं म्हणाले की माझ्या आत काहीतरी निवळेल. ते म्हणाले, आणि मला एवढंच वाटलं की हे काल दुपारी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

"बूट काढा," मी म्हणाले. "घरभर माती झाली."

याला आता चार महिने झाले. हिंग बंद झाला तसा माझा आकडा उतरायला लागला, गेल्या खेपेला निम्म्यावर आला. रिपोर्ट मी धम्मरत्नला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. परवा बातमी कळली की सासूबाई त्याच्यासाठी मंगरूळपीरकडे एक मुलगी पाहून आल्या. फारकतीच्या कागदपत्रांचं काय ते नंतर बघू म्हणतात. मी इथंच चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. गाल भरलेत, असं लखनची बायको म्हणते. माहेरी आले आणि बरी झाले.

बाबा लग्नाची कामं घेत नाहीत. गुडघे दुखतात असं लोकांना सांगतात. घरी मात्र स्वयंपाक तेच करतात, मी नको म्हटलं तरी. आज पुन्हा पातोडी करायची होती. हिंगाशिवाय त्यांच्या रश्श्याला वास नाही. चव आहे, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला आता कळत नाही की आत उकंडराव काहीतरी करतोय. पीठ भाजून गार करायला ठेवलं होतं. मी पाट्याशी बसून खोबरं वाटत होते.

ते मोरीतून आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. मी विचारलं नव्हतं. हल्ली विचारावं लागत नाही. त्यांनी दोन्ही पंजे उघडून माझ्यापुढे धरले, आधी पालथे, मग उताणे. पाण्याने सुरकुतलेली बोटं, तव्याच्या चटक्यांचे जुने डाग, अगदी बारीक कापलेली नखं. तंबाखू सोडल्यामुळे चुनाही नव्हता. मी हात पुसले, त्यांची बोटं धरून एकेक नख पाहिलं.

हात स्वच्छ होते.

"परत धुवा," मी म्हणाले.

त्यांनी कायले म्हणून विचारलं नाही. वळले आणि मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.